हालाँग बेच्या क्रूझवर एक रात्र : आमच्याकडे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिलात आई, बायको अन् मी व्हिएतनामला जाऊन हालाँग बेमध्ये बोटीवर एक रात्र राहून आलो. तेव्हापासून वणीच्या बाजारात, जिनिंगवर, लग्नाच्या पंगतीत जो भेटतो तो तेच तेच विचारतो, अन् मी प्रत्येकाला अर्धं अर्धं सांगतो, काहीतरी राहूनच जातं. म्हणून सगळं एका जागी लिहून काढलं. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी तालुक्यात, घरी कापूस-तुरीची शेती, समुद्र आईनं त्याआधी एकदाच पाह्यला होता, पुरीला. त्यामुळं शहरातल्या माणसाला जे सांगावं लागत नाही तेही यात आहे.

हे हालाँग बे नेमकं हाय तरी कुठं?

व्हिएतनामच्या ईशान्य कोपऱ्यात, क्वांग निन्ह प्रांतात. राजधानी हनोईपासून साधारण १६५-१७० किलोमीटर, आता एक्सप्रेसवे झाल्यामुळं गाडीनं अडीच तासांत पोचतो. समुद्राचा एक शांत, उथळ तुकडा, अन् त्यात दोन हजाराच्या आसपास बेटं, बहुतेक सगळी चुनखडीची, सरळ उभी, वर हिरवी झाडी. १९९४ साली युनेस्कोनं जागतिक वारशात घेतलं, २००० साली भूगर्भासाठी परत एकदा मान दिला, अन् २०२३ मध्ये शेजारचा कात बा बेटांचा भागही त्यात जोडला.

हालाँगचा अर्थ खाली उतरणारा ड्रॅगन. तिथली गोष्ट अशी सांगतात, की शत्रूची जहाजं चालून आली तेव्हा ड्रॅगनची आई पिल्लांसकट आभाळातून उतरली अन् तिनं तोंडातून मोती-रत्नं टाकली, त्यांची ही बेटं झाली अन् जहाजं त्यावर आपटून फुटली. आईला ही गोष्ट लगेच पटली, आपल्याकडं डोंगराची गोष्ट देवीशिवाय कुठं असते.

पण पाण्यात एवढे डोंगर आले कुठून?

माझा सगळ्यात आवडता प्रश्न हा, जरा लांबण लागेल.

आपल्याकडं मुकुटबन, राजूर भागात जी चुनखडी निघते, जिचा सिमेंट अन् चुना होतो, हे डोंगर त्याच जातीच्या दगडाचे. २५ ते ३५ कोटी वर्षांमागं तिथं उथळ समुद्र होता. शंख-शिंपले, प्रवाळ, बारीक बारीक जीव मरायचे अन् त्यांचा चुना तळाशी थरावर थर बसत गेला. मग जमीन वर उचलल्या गेली अन् पावसानं काम हाती घेतलं. पावसाच्या पाण्यात हवेतला अन् मातीतला कार्बन डायऑक्साइड मिसळतो, पाणी किंचित आंबट होतं, अन् चुनखडी आंबटात विरघळते. खरं वाटत नसेल तर चुनखडीच्या खड्यावर लिंबू पिळून पाहा, बारीक फेस येतो. असं लाखो वर्षं भेगाभेगांतून पाणी शिरत गेलं, मधला दगड विरघळून गेला, उरले ते सुळके अन् पोटातल्या गुहा. शेवटचं हिमयुग संपल्यावर समुद्र वर चढला, दऱ्या पाण्याखाली गेल्या अन् डोंगरांची बेटं झाली. बोट जवळून जाते तेव्हा प्रत्येक बेटाच्या पायाशी, पाण्याच्या रेषेला, दगड आत खाल्लेला दिसतो, ते समुद्राचं काम, अजून चालूच आहे.

आपल्याकडची चुनखडी तर याहूनही कितीतरी जुनी आहे. पण ती काळ्या मातीखाली दबलेली, आपल्याला दिसते ती खाणीत नाहीतर ट्रकमध्ये. लहानपणापासून हा दगड भट्टीत जळतानाच पाह्यला होता, तोच असा समुद्रात उभा, अंगावर झाडं घेऊन, हे पाहून मी डेकवर बराच वेळ काही बोललोच नाही.

जायचं कोणत्या महिन्यात? आपली कामं कशी जुळवायची?

पुस्तकी उत्तर ऑक्टोबर ते डिसेंबर, आभाळ स्वच्छ, हवा थंड, फोटो एकदम झक्कास. पण त्याच वेळी आपल्याकडं सोयाबीन निघतं अन् कापसाची वेचणी जोरात, मजूर मिळत नाही, घर सोडायचं कोण? जानेवारी ते मार्चच्या मध्यापर्यंत तिथं थंडी, धुकं अन् बारीक रिमझिम असते. काहींना ते धुक्यातले डोंगर आवडतात, पण कधी कधी समोरचं बेटही दिसत नाही. जून ते सप्टेंबर वादळांचा काळ, आपला पेरणी-निंदणीचाही, तो विषयच सोडा.

म्हणून कास्तकारानं एप्रिलचे पहिले तीन आठवडे पकडावे असं माझं मत. तूर-हरभरा घरात आलेला, कापूस विकलेला, इथं पारा चाळिशीच्या वर अन् तिथं पंचविशीच्या आतबाहेर. फक्त ३० एप्रिल अन् १ मे टाळा, त्यांची राष्ट्रीय सुट्टी असते, गर्दी अन् रेट दोन्ही वाढतात. तसंच त्यांचं नवीन वर्ष तेत, जे जानेवारीच्या शेवटी नाहीतर फेब्रुवारीत येतं, तेव्हाही नको.

वणीहून हनोई गाठायचं कसं?

नागपूरहून थेट विमान नाही. आम्ही वरोरा-जामवरून नागपूर, तिथून विमानानं कोलकाता, अन् कोलकात्याहून थेट हनोई असे गेलो. कोलकाता-हनोई प्रवास फार लांब नाही. मुंबई अन् दिल्लीहूनही थेट विमानं आहेत. तरुण पोट्टे असतील तर नागपूरहून गीतांजली पकडून हावडा गाठा, पैसे वाचतात. दोन तिकिटांच्या मधे भरपूर वेळ ठेवा, एक विमान लेट झालं तर दुसरी कंपनी तुमच्यासाठी थांबत नाही. घड्याळ तिथं दीड तास पुढं करायचं.

अन् हनोईत पोचल्या दिवशी क्रूझ ठेवू नका. एक दिवस आराम करा, मग जा.

व्हिसा लागते का?

लागतो. ई-व्हिसा घरबसल्या मिळतो, एका वेळच्या प्रवेशाची सरकारी फी २५ डॉलर, ९० दिवसांपर्यंतचा देतात. सरकारी साइटवरच भरा, सारख्या दिसणाऱ्या खाजगी साइट दुप्पट-तिप्पट घेतात. पासपोर्टवर नाव जसं आहे तसंच, अक्षर न् अक्षर. आईच्या नावाचं स्पेलिंग आधार अन् पासपोर्टवर वेगळं होतं, आम्ही पासपोर्टचं धरलं, काही अडलं नाही. निदान दोन-तीन आठवडे हाताशी ठेवून अर्ज करा.

एकूण खर्च किती आला, खरं सांग

माणशी ६८ हजार, सहा रात्रींचे, घरून निघाल्यापासून घरी येईपर्यंत. त्यात क्रूझ माणशी साडेचौदा हजार, त्यातच हनोईहून न्यायची-आणायची गाडी, जेवणं, गुहेचं तिकीट अन् कयाक (आपणच वल्हवायची छोटी नाव). एका रात्रीच्या चांगल्या क्रूझला साधारण १० ते २५ हजार पडतात, वरती अजून महागड्याही आहेत.

पैसे कुठं टाकायचे अन् कुठं वाचवायचे, माझं म्हणणं असं : हनोईत साधं हॉटेल चालतं, बाथटबची खोली नसली तरी चालते, पण बोट स्वस्तातली घेऊ नका. मोठी, लोखंडी, चांगल्या कंपनीची बोट घ्या, अन् जमलं तर बाल्कनीची खोली. बाल्कनीचे जास्तीचे पैसे पहाटे साडेपाचला वसूल होतात. बायकोनं खुर्ची बाल्कनीत ओढली, शाल घेतली अन् उजाडेपर्यंत तिथंच बसून राहिली, पाणी आधी काळं, मग राखाडी, मग हिरवं. आमच्या लग्नाला १९ वर्षं झाली, तिला एवढा वेळ काहीही काम न करता बसलेली मी पहिल्यांदा पाह्यली.

हालाँग, लान हा, बाय तू लाँग अशी तीन नावं दिसतात, घ्यायचं कोणतं?

एकाच खडकाळ समुद्राचे तीन भाग. मधला हालाँग सगळ्यात प्रसिद्ध, मोठ्या गुहा इथंच, बोटीही सगळ्यात जास्त. दक्षिणेला कात बा बेटाजवळ लान हा, पाणी स्वच्छ, गर्दी कमी. ईशान्येला बाय तू लाँग, अजून शांत. पहिल्यांदा जात असाल अन् एकच रात्र असेल तर हालाँग, कारण सुंग सोत गुहा पाहून यावी असं मला वाटते. दोन रात्री काढता येत असतील तर लान हा घ्या. कात बा बेटावर एक सोनेरी डोक्याचं वानर आहे, जगात दुसरीकडं कुठंच नाही, अन् तेही उरले शंभराच्या आतबाहेर. आपल्या तुरीत घुसणाऱ्या टोळ्या आठवल्या अन् तिथली एवढीशी संख्या ऐकली की कसंतरी होतं.

बोटीवर दोन दिवस करतात काय?

सकाळी आठच्या सुमारास हनोईच्या हॉटेलवरून गाडी घेते. साडेअकरा-बाराला बंदर, आमचं तुआन चाऊ होतं. तिथं पासपोर्ट दाखवायचा, छोट्या बोटीतून मोठ्या बोटीवर जायचं, खोलीची चावी घ्यायची अन् लगेच जेवण. जेवता जेवता बोट सुटते अन् सगळेजण ताट टाकून खिडकीशी जातात, आम्हीपण.

दुपारी सुंग सोत गुहा. बो होन बेटावर आहे, पायऱ्या चढून आत गेलं की आधी एक दालन लागतं, ते पाहून वाटतं झालं, अन् पुढं वळल्यावर दुसरं त्याच्या कितीतरी पट मोठं उघडतं. वरून लोंबणारे अन् खालून उगवणारे चुन्याचे खांब, थेंब थेंब पाण्यानं झालेले. नंतर कयाक किंवा बांबूची नाव, लुओन नावाच्या जागी डोंगराच्या पोटातल्या कमानीखालून आत जायचं, अन् आत चारी बाजूंनी कडे, मधे गोल तळं. आमची नाव एक बाई वल्हवत होती, पन्नाशीची, डोक्यावर त्यांची ती टोकदार टोपी. आई अन् ती एकमेकींकडं पाहून हसत राहिल्या, भाषा कोणाचीच कोणाला नाही, शेवटी आईनं पिशवीतला तिळाचा लाडू तिला दिला.

संध्याकाळी डेकवर सूर्यास्त, मग स्प्रिंग रोल कसे करतात ते शिकवतात, रात्री जेवण. नंतर दिवा पाण्यावर सोडून स्क्विड, म्हणजे एक समुद्री जीव, पकडायचा कार्यक्रम असतो, आमच्यात कोणी गेलं नाही. बोट नांगर टाकून उभी राहते, आजूबाजूला लांब लांब दुसऱ्या बोटींचे दिवे. सकाळी सहाला डेकवर ताई ची, म्हणजे त्यांचा संथ व्यायाम, मग चहा-नाश्ता, अजून एक ठिकाण, दहाच्या आत खोली रिकामी, जाताना जेवण, दुपारी तीनपर्यंत हनोई. म्हणजे दोन दिवस म्हणतात पण बोटीवर जेमतेम २२-२३ तास मिळतात, ते आधीच डोक्यात ठेवा अन् खोलीत झोपून घालवू नका.

बोट बुडत तर नाही ना? खरं सांगजो

खरंच सांगतो, लपवत नाही. २०११ च्या फेब्रुवारीत रात्री नांगरून उभी असलेली एक लाकडी बोट बुडाली, १२ जण गेले. त्यानंतर नियम कडक झाले. अन् २०२५ च्या जुलैत दिवसाच्या सहलीची एक बोट अचानक आलेल्या वादळात उलटली, तीसच्या वर माणसं गेली, लहान लेकरंसुद्धा. ही बातमी वाचल्यावर मी आमचं बुकिंग रद्दच करणार होतो. मग नीट माहिती काढली अन् चार गोष्टी ठरवल्या.

एक, वादळाच्या महिन्यांत जायचंच नाही. दोन, रात्रीची मोठी लोखंडी बोट, मागच्या दोन-तीन महिन्यांतले लोकांचे रिव्ह्यू वाचून. तीन, खोलीत गेल्याबरोबर लाइफ जॅकेट कुठं आहे, घालायचं कसं, बाहेर पडायचा रस्ता कोणता हे स्वतः पाहायचं. क्रू दाखवते, पण लोक त्यावेळी सेल्फी काढत असतात. आईला मी जॅकेट घालून बेल्ट लावून दाखवला, मग काढला. चार, छोट्या बोटीत बसलं की जॅकेट घालायचंच, गरम होते म्हणून काढायचं नाही.

हवा खराब असली की तिथलं बंदर खातं बोटी सोडतच नाही. ऐन वेळी रद्द झालं म्हणून गाइडशी भांडणारे लोक आम्ही पाह्यले, ते चूक आहे. बुकिंग करतानाच विचारून ठेवा, हवामानामुळं रद्द झालं तर पूर्ण पैसे परत की तारीख बदलून, अन् उत्तर लेखी घ्या. प्रवासाचा विमाही काढा, फार महाग नसतो.

गाडीत उलट्या होतात, बोटीत होतील का? पोहताही येत नाही

हजारो बेटं भिंतीसारखी उभी असल्यानं मोठ्या लाटा आत येतच नाहीत, पाणी तळ्यासारखं. एसटीनं यवतमाळला जाताना आईला दोनदा त्रास होतो, तिथं काहीच नाही झालं. पोहणं येत नसेल तरी अडत नाही, कयाकऐवजी बांबूची नाव घ्या.

म्हाताऱ्या माणसाला न्यावं का? गुडघे दुखतात

न्या. आई ६८ ची आहे. तिती टॉप बेटावर मात्र चारशेच्या वर पायऱ्या आहेत, ती खालीच वाळूत बसली अन् तिनं काही गमावलं असं तिला वाटलं नाही. हे बेट तितोव्ह नावाच्या रशियन अंतराळवीराच्या नावावरून आहे, १९६२ साली तो हो ची मिन्हसोबत तिथं आला होता. सुंग सोतच्या पायऱ्या आई थांबत थांबत चढली, आत जमीन ओली असते, चप्पल नको, पकड असलेले बूट पाहिजेत. साडीवर बूट घालून सगळा प्रवास केला तिनं. सगळ्यात अवघड जागा म्हणजे छोट्या बोटीतून मोठ्या बोटीवर पाऊल टाकणं, तिथं क्रूचे दोन पोरं हात धरतात, घाई करू नका. खोली खालच्या मजल्यावरची मागा, बहुतेक बोटींना लिफ्ट नसते. बीपी-शुगरच्या गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, बॅगेत नाही.

आमी माळकरी हाओ, खायचं काय?

बुकिंग करताना लिहा, गाडीत गाइडला सांगा, बोटीवर परत सांगा. तिथं 'आन चाय' म्हणजे शाकाहारी, कानाला आपला चहाच वाटतो, त्यामुळं पाठ होतो. पण नुसतं तेवढं सांगून भागत नाही, कारण माशाचा सॉस, नुओक माम, भाजीतही पडतो. म्हणून मासा नको, अंडं नको, माशाचा सॉसही नको असं वेगवेगळं सांगायचं. आम्हाला भात, टोफू, पालेभाज्या, मशरूम, फळं, तळलेले रोल मिळाले. तिखट काही नसतं. शेंगदाण्याची चटणी, जवसाची चटणी अन् पोह्याचा चिवडा घरून नेला होता तो तीनही माणसांना पुरला. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी हेही आधीच लिहून द्यावं. हनोईत भारतीय हॉटेलं आहेत, तिथं पोळी-वरण मिळून जाते.

इंग्रजी येत नाही, मंग?

मला कामचलाऊ येते, बायकोला थोडं, आईला अजिबात नाही. क्रूचंही इंग्रजी साधंच असतं, तुटक बोललं तर उलट लवकर समजतं. मोबाइलमध्ये भाषांतराचं ॲप टाका, व्हिएतनामी भाषा आधीच डाउनलोड करून ठेवा, कारण डोंगरांच्या मधे नेट जातं. भाषेपायी कोणी राहू नये एवढं माझं नक्की म्हणणं आहे.

संडास, चार्जिंग, पाणी?

खोलीतच स्वतंत्र बाथरूम, गरम पाणी, अन् व्हिएतनाममध्ये पाण्याचा जेट बहुतेक ठिकाणी असतो, ही काळजी सोडा. आपली दोन गोल पिनची चार्जरची प्लग चालते. नळाचं पाणी प्यायचं नाही, बोटीवर प्यायचं पाणी देतात. प्लास्टिकच्या बाटल्या, पिशव्या बोटीवर नेऊ नका, खाडीत वन टाइम प्लास्टिकला बंदी आहे अन् ती बरोबरच आहे.

पैसे कसे न्यायचे? म्हणे तिथं लाखात चहा मिळते

चलन डोंग. एक लाख डोंग म्हणजे आपले साडेतीनशेच्या आसपास. सोपा हिशोब, शेवटची तीन शून्य काढा अन् साडेतीननं गुणा. मी डॉलर नेले अन् हनोईत बदलून घेतले. एक जपा, २० हजारची अन् ५ लाखाची नोट दोन्ही निळसर असतात, अंधारात अदलाबदल झाली की मोठा फटका. पाच लाखाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवा. बोटीवर दारू, कोल्ड्रिंक, मसाज याचे पैसे वेगळे लागतात, उतरताना बिल येतं.

एजंटकडून करावं की स्वतः?

जवळच्या शहरातल्या एका एजंटनं आम्हाला आधी 'हालाँग लक्झरी क्रूझ सहित' असं पॅकेज दिलं होतं. बोटीचं नाव विचारलं तर देईना. शेवटी कळलं की ती सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायची सहल होती, रात्रीचा मुक्काम जमिनीवरच्या हॉटेलात. पाच हजार अ‍ॅडव्हान्स अडकले ते अजून आले नाहीत. एजंट वाईटच असतो असं नाही, गटानं जायचं असेल तर सोयीचाच पडतो, पण बोटीचं नाव, दोन दिवस एक रात्र हे शब्द, खोलीचा प्रकार, कोणत्या खाडीत फिरणार, काय काय धरलेलं आहे, एवढं व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना लेखी आल्याशिवाय रुपया देऊ नका.

पाण्यावर गावं आहेत म्हणतात, खरं काय?

होती. कुआ वान, वुंग व्हिएंग अशी गावं पिढ्यान् पिढ्या पाण्यावर तरंगत होती, घर, शाळा, कुत्रं सगळं तराफ्यावर. २०१४ मध्ये सरकारनं बहुतेक कुटुंबं जमिनीवर नेऊन बसवली, शिक्षण, दवाखाना अन् पाणी घाण होऊ नये म्हणून. आता तिथं पाहुण्यांना नावेतून फिरवणारे अन् मासे-मोत्यांची शेती करणारे लोक दिसतात. धरणात गेलेली गावं आपल्याकडं काय कमी आहेत? तेव्हा फोटो काढायच्या आधी हातानं विचारा, काढू का म्हणून.

तिथला एखादा दगड, शंख आणला का?

नाही. आईनं देवघरासाठी एक पांढरा खडा उचलला होता, मी सांगितल्यावर परत ठेवला. गुहेतल्या खांबांना हातही लावू नका, हाताचं तेल लागलं की तिथं चुना बसत नाही. प्रवाळाच्या वस्तूही विकत घेऊ नका.

पासपोर्टच नाही, आधी काय करू?

आधी तेच. ऑनलाइन अर्ज भरा, साध्या ३६ पानी पासपोर्टची फी १५०० रुपये, तारीख घ्या अन् नागपूरच्या पासपोर्ट सेवा केंद्रात किंवा जवळ पडेल त्या पोस्टातल्या केंद्रात कागदं घेऊन जा. जन्मतारीख अन् नाव सगळ्या कागदांवर सारखं आहे का ते त्याआधी पाहा, गावाकडं बायकांच्या कागदांवर माहेरचं-सासरचं नाव वेगवेगळं असतं अन् तिथंच महिना जातो. पोलीस व्हेरिफिकेशनच्या दिवशी घरी राहा. एप्रिलला निघायचं असेल तर दिवाळीच्या आधी हे काम उरकलेलं बरं, एकदा वेचणी लागली की कोणाला वेळ होत नाही.